बाळाची पाठ पाहिली का?



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली, लोक चपला घालून निघाले, तेव्हा भडगावकडच्या एका खेड्यातून आलेल्या आजी मला म्हणाल्या, “भाऊ, जरा बाजूला बसा.” त्यांच्या नातीला मुलगा झाला होता. वजन चांगले, रडणे खणखणीत, दूधही ओढतो. पण पाठीच्या मधोमध, कमरेच्या थोडे वर, लिंबाएवढा पातळ कातडीचा फुगा आहे आणि त्यात पाणी दिसते. सासरी कुजबुज सुरू झालेली. कुणी म्हणते मागच्या जन्माचे आहे, कुणी म्हणते सुनेचा पायगुण वाईट. आजी स्वतः हळूच म्हणाल्या, “तिनी गरहनमा सुई धरी व्हती, म्हनीसन आसं व्हयनं.”

मी विचारले, “बाळ किती दिवसांचे?”

“काल पहाटेचे.”

मी आधी घड्याळ पाहिले. मग दोन फोन केले. त्याच दुपारी बाळ आणि बाळंतीण दोघेही मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे निघाले. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. हा मजकूर लिहीत असताना बाळ दवाखान्यातच आहे. टाके बरे आहेत, आणि त्याच्या डोक्याचा घेर रोज टेपने मोजला जात आहे.

मी घड्याळ का पाहिले, ते सांगितले पाहिजे. ते सांगायला मला जड जाते, पण या सदरात आपण इतरांच्या चुका सांगत आलो आहोत, तेव्हा स्वतःचीही सांगावी.

२०१० सालच्या पावसाळ्यात आमच्याच वस्तीतल्या एका हमाली करणाऱ्या बंधूच्या घरी असेच बाळ जन्मले. मुलगी होती. ज्या दवाखान्यात बाळंतपण झाले तेथे त्यांना सांगण्यात आले, “हे जगणार नाही, घरी घेऊन जा.” बंधू माझ्याकडे आला. मी कारकून माणूस. मला पहिली गोष्ट सुचली ती कागदाची. त्या वेळी गरिबांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी राज्याची जुनी जीवनदायी योजना होती. तिला पिवळे रेशनकार्ड लागे, दाखले लागत. बंधूच्या कार्डावर नावात चूक होती. मी म्हटले, “आधी कागद नीट करू, म्हणजे पुढे कुणी अडवणार नाही.” एका कचेरीत साहेब रजेवर, दुसऱ्या कचेरीत शिक्का नाही. असे नऊ दिवस गेले. कागद पूर्ण झाले, फाईल अगदी नेटकी झाली. दहाव्या दिवशी फुगा फुटला, ताप भरला, आकडी आली. मुलगी चौदाव्या दिवशी गेली. डॉक्टरांनी सांगितले, मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाला होता.

ती फाईल मी अजून ठेवली आहे. त्यानंतर मी या आजाराची माहिती मिळेल तेथून गोळा केली. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. पण डॉक्टरांकडून समजून घेतलेले साध्या भाषेत समाजापर्यंत नेणे एवढे काम मला करता येते.

हा आजार आहे तरी काय?

याला डॉक्टर स्पायना बायफिडा म्हणतात. अर्थ सरळ आहे : दुभंगलेला कणा. आईच्या पोटात गर्भ अगदी सुरुवातीला चपट्या पानासारखा असतो. त्या पानाच्या दोन कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळून त्यांची नळी होते. पिशवीची चेन ओढून बंद करावी, तसे ते घडते. या नळीच्या वरच्या टोकाचा पुढे मेंदू होतो, खालच्या भागाचा मज्जारज्जू होतो. चेन वरच्या टोकाला उघडी राहिली तर कवटी आणि मेंदू घडतच नाहीत, आणि असे बाळ जगत नाही. खाली उघडी राहिली तर पाठीचे मणके त्या जागी मागून बंद होत नाहीत.

ही नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत बंद होते. तो दिवस उजाडतो तेव्हा बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. म्हणजे ग्रहण, सुई, विळी, डोहाळजेवणात काय खाल्ले, सातव्या महिन्यात कुठे गेली, या कशाचाही या आजाराशी संबंध असू शकत नाही. ज्या महिन्यात लोक सुनेवर पाळत ठेवतात, त्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट घडून गेलेली असते.

याचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिल्यात फक्त मणक्याच्या मागच्या बाजूला फट असते, वर कातडी शाबूत असते. पुष्कळांना जन्मभर त्रास होत नाही आणि कळतही नाही. दुसऱ्यात पाठीवर फुगा येतो, पण त्यात फक्त आवरण आणि पाणी असते. मज्जारज्जू आत जागेवर असतो. शस्त्रक्रियेनंतर अशी बहुतेक बाळे चांगली राहतात. तिसरा प्रकार सर्वात गंभीर. त्यात मज्जारज्जू आणि नसा फुग्यात बाहेर आलेल्या असतात. कधी फुगाही नसतो, नुसती उघडी लाल जागा असते. अशा बाळाच्या पायांत ताकद कमी असते, लघवी-संडासवर ताबा नसतो, आणि पुष्कळदा डोक्यात पाणी साठते.

आपल्या देशात हे किती बाळांना होते? पुण्याच्या विद्यापीठातील डॉ. अनिता कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील निरनिराळ्या अभ्यासांची एकत्र बेरीज करून २०१३ साली जो अंदाज मांडला, त्यानुसार मेंदू आणि कण्याची नळी बंद न होण्याचे सगळे प्रकार धरून दर हजार जन्मांमागे सुमारे चार. हजारात चार हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण पाचोऱ्यासारख्या तालुक्यात वर्षाला किती बाळंतपणे होतात याचा हिशेब करा, म्हणजे हा आजार आपल्या गल्लीत का येतो ते कळेल.

ओळखायचे कसे?

बाळ जन्मल्यावर आपण मुलगा की मुलगी पाहतो, नाक कुणासारखे ते पाहतो. पाठ पाहत नाही. दवाखान्यातून कपड्यात गुंडाळून दिलेले बाळ कित्येकदा तसेच घरी येते. म्हणून पहिल्याच दिवशी उजेडात बाळाला पालथे धरून मानेपासून माकडहाडापर्यंत पाठ पाहावी, बोट फिरवावे.

फुगा किंवा उघडी जागा असेल तर ती दिसतेच. पण काही खुणा लहान असतात. पाठीच्या मधल्या रेषेवर केसांचा झुपका, लाल डाग, चरबीची मऊ गाठ किंवा एखादे बारीक छिद्र असेल तर आत मणक्याचा दोष असू शकतो. अगदी खाली, ढुंगणाच्या घडीत लहानशी खळी असते आणि तिचा तळ दिसतो, ती बहुधा निरुपद्रवी असते. तरी डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यावी. पहिल्या तीन-चार महिन्यांत मणक्यांची हाडे कोवळी असल्याने साध्या सोनोग्राफीतही आतले दिसते. पुढे एमआरआय करावी लागते.

याखेरीज पाहायचे ते असे : दोन्ही पाय सारखे हलतात का? पावले आत वळलेली आहेत का? लघवी धारेने होते की सारखी थेंब थेंब गळते? टाळू फुगलेली आहे का? मूल मोठे झाल्यावर एक पाय बारीक पडू लागला, चाल बिघडली, शाळेत जायच्या वयातही कपडे सतत ओले होऊ लागले, तर त्याला मारू नका, रागावू नका. त्याची पाठ डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या दिवशी काय करावे, काय करू नये

बाळाला कुशीवर किंवा पालथे ठेवावे, पाठीवर दाब येऊ देऊ नये. फुग्यावर दवाखान्यातल्या सलाईनमध्ये भिजवलेली निर्जंतुक पट्टी ठेवून घ्यावी आणि ती वाळू देऊ नये. संडास-लघवी त्या जागेला लागू देऊ नये. अंगावरचे दूध चालू ठेवावे, बाळ उबदार ठेवावे आणि निघावे.

हळद, तेल, राख, अंगारा, चुना, झाडपाला यातले काहीही लावू नये. सुईने पाणी काढण्याचा विचारही करू नये, कारण त्या फुग्यातले पाणी थेट मेंदूभोवतीच्या पाण्याशी जोडलेले असते. बाहेरचा जंतू तेथे शिरला की वाट सरळ मेंदूपर्यंत आहे. आमच्या वस्तीतल्या मुलीचे तेच झाले.

शस्त्रक्रिया ४८ तासांत, फार तर ७२ तासांत व्हावी, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. उशीर झाला असेल तरी “आता काय उपयोग” म्हणून घरी बसू नये, जावेच. लहान मुलांचे शल्यचिकित्सक किंवा मेंदूचे शल्यचिकित्सक ही शस्त्रक्रिया करतात. नसा आत ठेवतात, आवरण शिवतात, वर स्नायू आणि कातडी बंद करतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण खोटी आशा दाखवणे हीही फसवणूकच आहे. या शस्त्रक्रियेने गेलेल्या नसा परत येत नाहीत. जे पाय हलत नाहीत ते दुसऱ्या दिवशी हलू लागत नाहीत. शस्त्रक्रिया जंतुसंसर्ग थांबवते आणि जेवढ्या नसा चांगल्या आहेत तेवढ्या वाचवते. ते लहान काम नाही. बाळ त्यामुळेच जगते.

कुलुपाच्या कारखान्यातला बाप

तिसऱ्या प्रकारच्या पुष्कळ बाळांच्या डोक्यात पाणी साठते. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो आणि पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला सुमारे २ सेंटिमीटर वाढतो. त्यापेक्षा वेगाने वाढला, टाळू ताठ झाली, बाळ उलट्या करू लागले, डोळ्यांची बुबुळे खाली वळलेली दिसू लागली, तर डोक्यात पाणी वाढत आहे असे समजावे. शिंप्याचा टेप घरी ठेवा. दर आठवड्याला त्याच दिवशी घेर मोजून वहीत लिहा. ही वही डॉक्टरांना शंभर प्रश्नांची उत्तरे देते.

यावर उपाय म्हणजे शंट. डोक्यापासून कातडीखालून पोटापर्यंत एक बारीक नळी बसवतात. जास्तीचे पाणी पोटात उतरते आणि शरीरात जिरते. पण पाणी एकाच दिशेने, बेताने जावे म्हणून मध्ये एक झडप लागते. ती झडप कुणी केली? अमेरिकेत कुलुपे बनवणाऱ्या कारखान्यातला जॉन होल्टर नावाचा एक तंत्रज्ञ होता. १९५५ साली त्याला मुलगा झाला, तो याच आजाराचा. डोक्यात पाणी साठू लागले. त्या वेळच्या नळ्या बंद पडत. बाप हताश होऊन बसला नाही. डॉ. युजीन स्पिट्झ यांच्याकडून नेमकी अडचण समजून घेऊन त्याने स्वतः एक बारीक झडप बनवली आणि १९५६ साली ती वापरात आली. त्या झडपेने पुढे जगभरातली असंख्य बाळे वाचली. हाताने काम करणाऱ्या माणसाची बुद्धी काय करू शकते याचे हे उदाहरण आपल्या मुलांना जरूर सांगा.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. परदेशी शंट गरिबाला परवडत नाही, म्हणून उत्तर प्रदेशातील मेंदूशल्यचिकित्सक डॉ. छाब्रा यांनी स्वस्त भारतीय शंट तयार केला. आफ्रिकेतील युगांडा देशात मुलांवर दोन्ही शंटची तुलना झाली. एकाची किंमत ३५ डॉलर, दुसऱ्याची ६५०. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : वर्षभरानंतर दोन्हींच्या परिणामात फरक नाही. स्वस्त म्हणजे कमअस्सल, हा समज गरिबाने सोडावा.

मात्र शंट बसलेल्या मुलाला पुढे कधीही सतत डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा ताप आला तर ते पित्त समजून गोळी देऊ नये. नळी बंद पडली असण्याची शक्यता असते. थेट दवाखाना गाठावा.

बाकीचे आयुष्य

या मुलांचे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. आत लघवी साचते, ती वर मूत्रपिंडाकडे जाते आणि मूत्रपिंडे खराब होतात. पाठीवरची जखम भरून आली म्हणून आईबाप निश्चिंत होतात आणि आत हे नुकसान चालू राहते. यावरचा उपाय अत्यंत साधा आहे. दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ हाताने बारीक नळी घालून लघवी काढायची. अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली ही पद्धत मांडली. तोवर प्रत्येक वेळी सगळे निर्जंतुकच हवे असा समज होता. त्यांनी दाखवले की साबणाने स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, वेळ पाळणे महत्त्वाचे. चौथी शिकलेली आईसुद्धा हे शिकते, आणि मूल मोठे झाले की स्वतः करते.

वळलेली पावले दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करता येतात. पायांना संवेदना नसेल तर गरम पाणी, शेगडी, उन्हात तापलेला पत्रा यांपासून जपावे, कारण भाजले तरी मुलाला कळत नाही. रात्री झोपताना पाय उजेडात पाहून जखम नाही ना याची खात्री करावी. कॅलिपर, कुबड्या, चाकाची खुर्ची यांची लाज बाळगू नये.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे शाळा. यातल्या पुष्कळ मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. पाय चालत नाहीत म्हणून मुलाला घरात बसवणे म्हणजे दुसरे अपंगत्व आपल्या हाताने देणे. शिक्षणाचे मोल आपल्या समाजाला दुसऱ्याने सांगायची गरज नाही.

परळमध्ये लागलेला शोध

आता प्रतिबंधाकडे वळू. यातला एक धागा आपल्या मुंबईतून जातो, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांना रक्त कमी होण्याचा एक गंभीर आजार होत असे, त्यात कित्येक जणी दगावत. त्याचे कारण शोधण्यासाठी त्या परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. हा दोष जंतूंचा नसून आहारातला आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. यीस्टच्या अर्काने बाया सुधारतात हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कात असे काय होते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. १९४१ साली तो पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि लॅटिन भाषेतल्या पानाच्या नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले गेले. १९४५ साली तो प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

ज्या परळमध्ये हे संशोधन चालू होते, त्याच परळच्या बी. आय. टी. चाळीत त्या काळी बाबासाहेब राहत होते. आणि त्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. १९२९ साली तो कायदा झाला. गरोदर कामकरी बाईच्या प्रकृतीची जबाबदारी तिच्या एकटीची नाही, ही भूमिका आपल्याला तेव्हापासून मिळालेली आहे. ज्या रमाईंनी चार लेकरे गमावली, त्यांच्या घरातला माणूस हे बोलत होता, हेही विसरू नये.

पुढे १९९१ साली इंग्लंडच्या वैद्यक संशोधन परिषदेने सात देशांतल्या ३३ केंद्रांत घेतलेल्या चाचणीचा निकाल आला. ज्या बायांना आधी असे एक बाळ झाले होते, त्यांना पुढचा गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिले, तर पुन्हा तोच आजार होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात हा पदार्थ मिसळणे सक्तीचे केले.

गोळी कधी सुरू करायची?

येथेच आपली सगळी चूक होते. गोळ्या आपल्याकडे मिळतात. आशाताई देतात, उपकेंद्रात मिळतात. पण आपल्या सुना-लेकी नाव नोंदवायला जातात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. नळी तर २८ दिवसांत बंद झालेली असते. रेल्वे पाचोरा स्टेशन सोडून गेल्यावर तिकीट काढावे, तशातला हा प्रकार आहे. गोळी रक्तवाढीसाठी तेव्हाही उपयोगी आहेच, पण कण्याच्या दोषासाठी ती गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधी सुरू व्हावी लागते आणि पहिले तीन महिने चालू ठेवावी लागते.

नेहमीचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम. ज्या बाईला आधी असे बाळ झाले आहे, तिला त्याच्या दसपट, म्हणजे ४ मिलिग्रॅम लागते. बाजारात ५ मिलिग्रॅमची गोळीही मिळते. कुणाला कोणती हे डॉक्टरांनी ठरवावे. मधुमेह असलेल्या किंवा फिटची गोळी घेणाऱ्या बाईने मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांना भेटावे, कारण काही फिटच्या गोळ्यांनी हा धोका वाढतो. परंतु फिटची गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. सगळे पाळूनही एखादे बाळ असे जन्मू शकते. तेव्हाही दोष आईचा नसतो.

फॉलिक ॲसिडबरोबर बी-१२ जीवनसत्त्वही महत्त्वाचे आहे. ते अंडी, मासे, मटण, कलेजी, दूध यांतून मिळते. सांगलीत भारती विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी या दोन्ही गोष्टी चहात मिसळून पाहिल्या. ४३ तरुणींनी दोन महिने रोज असा एक कप चहा घेतला. त्यांच्या रक्तातले फॉलिक ॲसिड आणि बी-१२ वाढले, हिमोग्लोबिनही सुधारले. २०२१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरिबाच्या घरी काही नसले तरी चहा असतो, हे ओळखून केलेला हा विचार मला फार आवडला.

आपल्या खान्देशी ताटातही पुष्कळ आहे : पालक, मेथी, पोकळा, चवळी, हरभरा, मूग, उडीद, शेंगदाणे. कळण्याच्या भाकरीत उडीद असतोच. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. फार शिजवू नये, शिजवलेले पाणी फेकू नये. मात्र ताटावर विसंबून गोळी सोडू नये. आणि घरात शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला भाजी उरते का, हेही पाहावे.

दिवस राहिल्यावर १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नये. तिच्यात कण्याचा दोष बहुतेक वेळा दिसतो. दोष गंभीर असल्यास २०२१ च्या सुधारित गर्भपात कायद्याप्रमाणे वैद्यकीय मंडळाच्या मताने २४ आठवड्यांनंतरही मार्ग खुला आहे. गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय सगळी माहिती घेऊन त्या बाईने घ्यावा. सासूने नाही, नवऱ्याने नाही, शेजाऱ्याने तर नाहीच. आणि बाळ जन्माला आले की ते आपले.

सरकारी सोयी

६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची आणि मोफत उपचारांची त्यात सोय आहे. जन्मजात दोषांच्या यादीत कण्याचा हा दोष पहिल्याच क्रमांकावर आहे. अंगणवाडीत तपासणीचे पथक येते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार आणि मोफत वाहन ही सोय २०११ पासून आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली धुळ्यासह आठ जिल्ह्यांत दुसऱ्या नावाने सुरू झाली आणि २०१३ साली जळगावलाही आली. २०२३ मध्ये शासनाने तिचे संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा.

आणि माझी चूक पुन्हा करू नका. बाळाचे नाव रेशनकार्डात नसले तरी आईबापाचे कार्ड आणि बाळाचा जन्मदाखला यावर काम होते. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागद मागाहून देता येतात. बाळ पुढे जाऊ द्या, कागद मागून येतील.

पूर्वजन्म की पहिला महिना?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मागच्या जन्माच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला आहे. आपण तो ग्रंथ विहारात ठेवतो, त्याला वंदन करतो, आणि घरी बाळाच्या पाठीवर गाठ दिसली की मागच्या जन्माचे नाव घेतो. हे कसे चालेल? विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः त्याच्या अंगावर पाणी ओतले आणि संघाला सांगितले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा. ज्या मुलाची लघवी रोज नळीने काढावी लागते, त्याची आई दररोज हेच करत असते. तिला टोमणे मारणारा माणूस विहारात कितीही वेळा वाकला तरी त्याला काय अर्थ?

म्हणून आपल्या विहार समित्यांना आणि महिला मंडळांना माझी सूचना आहे. मंगल परिणयाच्या आहेरात भांडी देतोच. त्याबरोबर नववधूची गाठ आशाताईशी घालून द्यावी आणि मूल हवे असेल तर फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करावे, हे वधूला आणि वरालाही सांगावे. एका कपभर चहाच्या पैशात कित्येक दिवसांच्या गोळ्या येतात. आणि वस्तीत बाळ जन्मले की बघायला जाणाऱ्या प्रत्येक बाईने एकच प्रश्न विचारावा : बाळाची पाठ पाहिली का?

वस्तीतल्या ज्या बंधूची मुलगी गेली, त्याच्या पत्नीने पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी तीन महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने मोठा डोस घेतला. तिची दुसरी मुलगी आता सातवीत आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ती लेझीम खेळताना दिसते, तेव्हा मला ती जुनी फाईल आठवते. ती मी फाडणार नाही. पुढच्या वेळी कुणी “आधी कागद” म्हणाले, तर दाखवायला ती हवी.

जय भीम. नमो बुद्धाय.